नवग्रहांची मांडणी: दिशा, रंग, धान्य आणि समिधा यांत इतका फरक का?

प्रश्न असा आला आहे: पुढच्या महिन्यात घरी वास्तुशांत आहे आणि नवग्रहांची तयारी घरच्यांनीच करायची आहे. जुन्या पोथीत बुध पिवळा आहे, बाजारातल्या तक्त्यात तो हिरवा. एक जण चंद्र आग्नेयेला मांडायला सांगतो, दुसरा वायव्येला. मंगळाला कुणी तूर देतं, कुणी मसूर. खरं कोणतं, आणि या सगळ्या खुणांमागे काय आहे?

आधी निर्णय सांगतो, मग कारणं. ग्रहमखातली, म्हणजे ग्रहांच्या पूजा-हवनातली, दिशा ठरलेली आहे, तिथे पर्याय नाही, चंद्र आग्नेयेलाच. रंग, धान्य आणि मंत्र यांत मात्र एकाहून अधिक परंपरा आहेत, त्या वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या ग्रंथांतून आल्या आहेत आणि आपापल्या जागी सगळ्या बरोबर आहेत. गोंधळ होतो तो पूजेची मांडणी आणि पत्रिकेतली मांडणी एकत्र केल्यामुळे.

पूजेची मांडणी मत्स्यपुराणाच्या ९३व्या अध्यायात येते. ‘मध्ये तु भास्करं विद्यात्’ असं सुरू करून तिथे सूर्य मध्ये, मंगळ दक्षिणेला, गुरू उत्तरेला, बुध ईशान्येला, शुक्र पूर्वेला, चंद्र आग्नेयेला, शनी पश्चिमेला, राहू नैर्ऋत्येला आणि केतू वायव्येला सांगितला आहे. दुसरी यादी वराहमिहिराच्या बृहज्जातक या ज्योतिषग्रंथातली. तिथे ग्रह दिशांचे स्वामी आहेत: पूर्वेपासून क्रमाने रवी, शुक्र, मंगळ, राहू, शनी, चंद्र, बुध, गुरू. म्हणजे शुक्र आग्नेयेचा, चंद्र वायव्येचा, बुध उत्तरेचा, गुरू ईशान्येचा. ही यादी जातक (जन्मपत्रिका) आणि प्रश्न पाहण्यासाठी आहे, हरवलेली वस्तू कोणत्या दिशेला, प्रवास कुठे वगैरे. वास्तूचे तक्ते हीच यादी वापरतात, म्हणून चंद्र वायव्येला ठेवायला सांगणारे लोक भेटतात. दोन्ही यादींत मंगळ दक्षिणेला, शनी पश्चिमेला आणि राहू नैर्ऋत्येला असल्याने बाकीचंही जुळत असेल असं वाटतं आणि चूक लक्षात येत नाही. जातकाच्या यादीत आठ दिशांना आठ ग्रह आहेत, मध्य रिकामा आहे आणि केतूला जागाच नाही. तुमच्या हातातल्या चित्रात मध्ये सूर्य आणि वायव्येला केतू असेल तर ती पूजेची मांडणी. सूर्य पूर्वेला असेल तर ते चित्र चौरंगासाठी वापरू नका.

सूर्य मध्ये आहे म्हणून ‘आपल्या पूर्वजांना सूर्यमाला ठाऊक होती’ असा निष्कर्ष हल्ली फार काढला जातो. तो टिकत नाही. या मंडलात चंद्रही सूर्याभोवती आहे, राहू-केतूही आहेत आणि पृथ्वी ग्रह म्हणून कुठेच नाही. भूमी येते ती मंगळाची प्रत्यधिदेवता, म्हणजे त्याच्या शेजारी बसवलेली देवता, म्हणून. हे मंडल म्हणजे दरबार आहे. मध्ये राजा आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे, ‘आदित्याभिमुखाः सर्वे’. त्याचं मोठेपण या रचनेत आहे, त्याला खगोलाच्या पुस्तकाचं प्रमाणपत्र लागत नाही.

आता प्रत्यक्ष चौरंग. कमीत कमी १८ इंच लांब-रुंद घ्या, २४ इंचांचा मिळाला तर उत्तम. वर कोरं पांढरं वस्त्र आणि त्यावर सव्वा किलो तांदूळ सारखे पसरून बोटाने किंवा काडीने नऊ घरं पाडा. यजमान पूर्वेकडे तोंड करून बसतो, म्हणून त्याच्यापासून लांबची कड पूर्व, जवळची पश्चिम, डावा हात उत्तर, उजवा दक्षिण. यजमानाला दिसणारं चित्र असं:

लांबची ओळ, डावीकडून उजवीकडे: बुध, शुक्र, चंद्र.
मधली ओळ: गुरू, सूर्य, मंगळ.
जवळची ओळ: केतू, शनी, राहू.

हे कागदावर लिहून चौरंगाशेजारी ठेवा. सर्वात जास्त होणारी चूक इथलीच आहे. छापील चित्रात कधी पूर्व वर असते, कधी नकाशासारखी उत्तर वर असते. उत्तर वर असलेलं चित्र तसंच उतरवलं की सगळं मंडल पाव फेरा फिरतं: जिथे शुक्र हवा तिथे गुरू येतो, शनीच्या जागी मंगळ येतो. दुसरी चूक समोरच्या बाजूने बसून मांडणाऱ्याची. त्याला चित्र उलटं दिसतं. मांडणाऱ्याने यजमानाच्याच बाजूला बसावं.

फ्लॅटच्या भिंती दिशांशी काटकोनात असतातच असं नाही. मोबाइलवरचं होकायंत्र वापरायला हरकत नाही, फक्त ते लोखंडी कपाट, स्टीलचं टेबल आणि स्पीकर यांच्यापासून दूर, खोलीच्या मध्यावर धरून पाहा, दोन-तीन ठिकाणी ताडून घ्या. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इतका थोडा आहे की तो धरण्याचं कारण नाही. भिंत थोडी तिरकी असेल तर सोडून द्या; पण ती अर्ध्या कोपऱ्याने कललेली असेल तर चौरंग दिशेप्रमाणे लावा, खोलीत तो वाकडा दिसला तरी चालेल. वेदीची जागा मत्स्यपुराणात कुंडाच्या ईशान्येला सांगितली आहे. यजमानासमोर स्थंडिल (हवनाच्या अग्नीसाठी केलेला ओटा) आणि त्याच्या पलीकडे डाव्या अंगाला चौरंग, असं ते येतं.

ग्रह मांडण्याचा क्रम आणि ग्रहांची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रम वारांचा: सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, मग राहू, केतू. त्यामुळे हात मध्यावरून उजव्या लांबच्या कोपऱ्यात जातो, तिथून उजव्या बाजूला येतो, मग एकदम डाव्या लांबच्या कोपऱ्यात. हे विस्कळीत वाटतं म्हणून काही जण प्रदक्षिणेने एका ओळीत मांडत जातात. तसं करू नये. वारांचा हा क्रम होरांवरून, म्हणजे दिवसाच्या तासांवरून, येतो. मंदगती ग्रहापासून शीघ्रगतीकडे शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र अशी यादी घ्या, दिवसाच्या २४ होरा क्रमाने वाटा. २४ला ७ने भागून ३ उरतात, म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा यादीत तीन घरं पुढच्या ग्रहाची येते. शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र. ही पद्धत ग्रीक-रोमन जगातल्या ज्योतिषाबरोबर इकडे आली. भारतात वाराचा उल्लेख असलेला सर्वात जुना सालवार कोरीव लेख मध्य प्रदेशात एरण इथे आहे, बुधगुप्ताच्या काळातला, गुप्त संवत १६५ म्हणजे इ. स. ४८४चा, त्यात आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरूचा दिवस असं स्पष्ट दिलं आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतल्या ग्रहशांती प्रकरणातही ग्रह याच वारक्रमाने येतात. राहू-केतूंना वार नाही, म्हणून ते शेवटी.

प्रत्येक ग्रहाबरोबर दोन देवता बसतात, उजव्या बाजूला अधिदेवता आणि डाव्या बाजूला प्रत्यधिदेवता. अधिदेवता क्रमाने ईश्वर, उमा, स्कंद, विष्णू, ब्रह्मा, इंद्र, यम, काल, चित्रगुप्त. प्रत्यधिदेवता अग्नी, आप, भूमी, विष्णू, इंद्र, इंद्राणी, प्रजापती, सर्प, ब्रह्मा. ग्रहाचा स्वभाव कळायला या दोन याद्या कोणत्याही भविष्याच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी आहेत. चंद्राशेजारी पाणी आहे. मंगळाच्या एका बाजूला सेनापती स्कंद आणि दुसऱ्या बाजूला त्याची आई भूमी. शनीशेजारी यम आहे, पण प्रजापतीही आहे. ज्याची लोक धास्ती घेतात त्याच्या डाव्या हाताला प्रजेचा निर्माता बसवला आहे, हे शनीची भीती घालणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही पाहावं.

उजवी बाजू कुणाची, यजमानाची की ग्रहाची? ग्रहाची. सगळे सूर्याकडे तोंड करून आहेत असं धरलं तर पूर्वेच्या शुक्राचं तोंड पश्चिमेला, म्हणून त्याचा उजवा हात उत्तरेकडे, म्हणजे यजमानाच्या डावीकडे. शनीचं तोंड पूर्वेला, त्याचा उजवा हात यजमानाच्याही उजवीकडे. मुखांबद्दल दुसरंही वचन आहे, त्यात शुक्र-सूर्य पूर्वेकडे, गुरू-बुध उत्तरेकडे, शनी-चंद्र पश्चिमेकडे आणि बाकीचे दक्षिणेकडे पाहतात. दोन्हींपैकी गुरुजींचं वचन कोणतं ते आदल्या दिवशी विचारा आणि नऊही घरांत तेच पाळा. अर्धे ग्रह एका वचनाने आणि अर्धे दुसऱ्याने मांडलेले नेहमी दिसतात.

या २७ देवतांखेरीज यज्ञ नीट पार पाडणारे गणपती, दुर्गा, वायू, आकाश, अश्विनीकुमार आणि बहुतेक पद्धतींत क्षेत्रपाल व वास्तोष्पती, शिवाय कडेने इंद्रादी आठ लोकपाल. एकूण ४२. म्हणून सुपाऱ्या ५० आणाव्यात. आरंभीचा गणपती आणि दोन-चार किडक्या निघतात त्या धरून तेवढ्या लागतात. मुख्य नऊ सुपाऱ्या मोठ्या निवडा आणि विड्याच्या पानावर ठेवा, म्हणजे गर्दीतही ग्रह कोणता आणि परिवार कोणता ते ओळखू येईल. ईशान्येचा कलश चौरंगावर कोंबू नका, शेजारी वेगळ्या पाटावर ठेवा.

आता आकृत्या. पद्धतीत प्रत्येक ग्रहाच्या मंडलाचा आकार आणि माप दिलं आहे: सूर्य वर्तुळ १२ अंगुळं, चंद्र चौकोन २४, मंगळ त्रिकोण ३, बुध बाण ४, गुरू लांबट चौकोन ६, शुक्र पंचकोन ९, शनी धनुष्य २, राहू सूप १२, केतू ध्वज ६ अंगुळं. अंगूळ साधारण पाऊण इंच, म्हणजे चंद्राचा चौकोनच १८ इंचांचा झाला! आणि मत्स्यपुराणातली वेदी दोन विती रुंद आहे, म्हणजे तीही २४ अंगुळंच. एकटा चंद्र संपूर्ण वेदी व्यापेल. मापं एका परंपरेतून आणि वेदी दुसऱ्या परंपरेतून आल्याचं हे उघड चिन्ह आहे. ज्यांना रंगांनी आकृत्या काढायच्याच आहेत त्यांनी सगळी मापं चौथाईवर आणावीत: चंद्र साडेचार इंच, सूर्य आणि राहू सव्वादोन, शुक्र पावणेदोनपेक्षा किंचित कमी, गुरू-केतू सव्वा इंचाच्या आसपास, बुध पाऊण, मंगळ अर्ध्या इंचाहून थोडा मोठा, शनी त्याहून लहान. १८ इंचांच्या चौरंगाच्या सहा इंचांच्या घरात हे नीट बसतं आणि आपसातलं प्रमाणही राहतं. तांदळाच्या राशींवर सुपारी ठेवणार असाल तर आकृत्यांची गरज नाही. मत्स्यपुराण स्वतःच पांढऱ्या तांदळांवर स्थापना सांगतं.

रंगांचं उत्तर आता सोपं आहे. मत्स्यपुराणात सूर्य-मंगळ लाल, चंद्र-शुक्र पांढरे, बुध-गुरू पिंगट पिवळे, शनी-राहू काळे, केतू धुरकट. त्याच पुराणात मूर्तीचं वर्णन करताना बुध कर्णिकार या झाडाच्या पिवळ्या फुलासारखा, पिवळी वस्त्रं ल्यालेला, सिंहावर बसलेला आहे. तुमच्या पोथीतला पिवळा बुध हा. हिरवा बुध बृहज्जातकातला: तिथे त्याचा देह दूर्वेसारखा सावळा आणि त्याच्या मालकीचा रंग हिरवा. घरोघरी म्हणतात त्या व्यासांच्या नवग्रहस्तोत्रात तो प्रियंगूच्या कळीसारखा श्याम आहे. म्हणजे पिवळा, सावळा आणि हिरवा, तिन्हींना आधार आहे. आपल्याकडे मुगामुळे हिरवा रूढ झाला. माझं मत विचाराल तर हिरवं वस्त्र आणि मूग ठेवा, गंध-फूल पिवळं वाहा. दोन्ही परंपरांचा मान राहतो. शुक्राला मात्र बृहज्जातकात सावळा वर्ण आणि चित्रविचित्र रंग दिला आहे म्हणून पूजेत रंगीबेरंगी वस्त्र देऊ नका. पूजेतला शुक्र सर्वत्र पांढराच.

धान्यांची प्रथा या रंगांवरून वाढलेली दिसते. महाराष्ट्रात सूर्याला गहू, चंद्राला तांदूळ, मंगळाला तूर, बुधाला मूग, गुरूला हरभरे, शुक्राला पावटे, शनीला तीळ, राहूला उडीद, केतूला कुळीथ. मसूर ही उत्तरेकडची चाल, तिकडे तीच लाल डाळ हाताशी. तमिळ प्रदेशात मंगळाला तूर आणि शुक्राला पावट्याच्याच जातीचं मोच्चै देतात, त्यामुळे आपलं दक्षिणेशी जास्त जुळतं. धान्यं अख्खी घ्या, डाळ नको. सालाचा लालसर रंग डाळीत उरत नाही, तूरडाळ तर गुरूच्या हरभऱ्यासारखी पिवळी दिसते. प्रत्येकी मूठभर, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम राशीला पुरतं; दान देणार असाल तर सव्वा-सव्वा किलो वेगळं बांधून ठेवा. धान्यांच्या राशी करणार असाल तर खालचे तांदूळ आधी पसरून घ्या, नाहीतर तीळ सगळीकडे पसरतात.

मंत्रांत फरक पडतो तो शाखेमुळे. याज्ञवल्क्याने दिलेले मंत्र यजुर्वेद्यांचे: चंद्राला ‘इमं देवाः’, शुक्राला ‘अन्नात्परिस्रुतः’, राहूला ‘काण्डात्काण्डात्’. ऋग्वेदी चंद्राला ‘आप्यायस्व’, शुक्राला ‘शुक्रं ते अन्यत्’, राहूला ‘कया नश्चित्र’ म्हणतात. सूर्याचा ‘आ कृष्णेन’ आणि मंगळाचा ‘अग्निर्मूर्धा’ दोघांचे समान. यांतले कितीतरी मंत्र मुळात त्या ग्रहाचे नाहीत. शनीला योजलेला ‘शं नो देवीः’ हा पाण्याचा मंत्र आहे, केतूचा ‘केतुं कृण्वन्’ उजाडणाऱ्या प्रकाशाचा. नावाशी जुळणाऱ्या ध्वनीवरून ते ग्रहाला जोडले गेले. त्याने विधी उणा ठरत नाही. विनियोगाची, म्हणजे मंत्र विधीला जोडण्याची, ही जुनी आणि मान्य रीत आहे. दोन शाखांचे गुरुजी एकत्र बसणार असतील तर कुणाचे मंत्र घ्यायचे ते आधी ठरवा, ऐन वेळी दोन सुरांत दोन मंत्र सुरू होतात.

आवाहनात प्रत्येक ग्रहाचा देश आणि गोत्र उच्चारलं जातं: ‘कलिङ्गदेशोद्भव काश्यपसगोत्र सूर्य इहागच्छ इह तिष्ठ’. चंद्र यमुनातीरीचा, आत्रेय. मंगळ अवंतीचा, भारद्वाज. बुध मगधाचा, आत्रेय. गुरू सिंधुदेशीचा, आंगिरस. शुक्र भोजकटाचा, भार्गव. शनी सौराष्ट्राचा, काश्यप. राहू राठिनापुराचा, पैठीनस. केतू अंतर्वेदीचा, जैमिनी. पाहुण्याला घरी बोलावताना त्याचं गाव आणि कूळ विचारतात, तोच हा आदर. आणि यातला शुक्र आपल्या प्रांतातला आहे: भोजकट हा विदर्भाचा भाग, अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक इथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात भोजकट राज्याचं नाव आहे. आकाशातला ग्रह इथल्या नकाशावर असा बसवलेला आहे, म्हणून ही नावं घाईत गिळू नयेत. चंद्र आणि बुध यांचं गोत्र एकच, कारण ते बाप-लेक. सूर्य आणि शनी यांचंही तसंच.

समिधांवर सर्वात जास्त वेळ खर्च करा, कारण बाजारात इथेच सर्वात जास्त फसगत होते. क्रम असा: सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. लांबी प्रादेशभर, म्हणजे ताणलेला अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांमधलं अंतर. जाडी अंगठ्याहून जास्त नको, करंगळीएवढी सर्वांत बरी. साल शाबूत हवी. चिरलेली, किडकी, फांदी फुटलेली नको. तयार जुड्यांत बऱ्याचदा सगळ्या काड्या एकाच झाडाच्या असतात आणि चिठ्ठ्या तेवढ्या वेगळ्या. ओळख पाहा: पळसाची काडी खरबरीत आणि गाठाळ, आघाड्याची बारीक, चौकोनी कडांची, उंबर आणि पिंपळ ताजे असताना मोडले की चीक येतो, खैरावर जोडीने आकडेदार काटे असतात. खैराचे काटे आदल्या दिवशी पक्कडीने काढून टाका.

शमीच्या बाबतीत दोन घोटाळे आहेत. दसऱ्यामुळे लोक आपट्यालाच शमी समजतात. आपट्याचं पान दोन पाकळ्यांचं, जुळं असतं, शमीचं पान चिंचेसारखं बारीक. दुसरा घोटाळा रोपवाटिकांतला. शमी म्हणून जे झुडूप पुष्कळदा विकतात त्याला गुलाबी आणि पिवळा असा दुरंगी तुरा येतो. ते वेगळं झाड आहे. खऱ्या शमीचा तुरा फिकट पिवळा, एकरंगी असतो. शमी मिळतच नसेल तर गुरुजींना सांगून पळस घ्या. पळस इतर समिधांच्या अभावी चालतो, पण दुसरं झाड शमी म्हणून वापरू नका.

रुई ऐन वेळी ताजी कापू नका. तिचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. हातमोजे घालून चार-पाच दिवस आधी काड्या कापा, सावलीत सुकवा, हात साबणाने धुवा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. दूर्वा तीन-तीन एकत्र धरून एक आहुती मानतात. त्या मात्र ताज्याच घ्या. सुकलेल्या दूर्वा हातातच तुटतात.

संख्या याज्ञवल्क्याने १०८ किंवा २८ सांगितली आहे, प्रत्यक्ष विधीत ८ही घेतात. काळाचं गणित मांडून पाहा. मंत्राला नऊ सेकंद धरले तर ८ आहुतींना नऊ ग्रहांचे अकरा मिनिटं, २८च्या हिशेबाने २५२ आहुतींना चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर, १०८च्या हिशेबाने ९७२ आहुतींना जवळजवळ अडीच तास. समिधा, चरू (हवनाचा भात) आणि आज्य (तूप) ही तीन द्रव्यं तिघांनी एकाच मंत्राबरोबर टाकली तर वेळ वाढत नाही. परिवारदेवतांच्या आहुती ग्रहांपेक्षा कमी असतात. घरच्या वास्तुशांतीला २८ योग्य. त्यासाठी प्रत्येक झाडाच्या ३० समिधा, तूप मुख्य आहुतींनाच अर्धा किलो आणि पूर्णाहुतीसह पाऊण किलो, चरूसाठी अर्धा किलो तांदूळ. चरू कोरडा, मोकळा शिजवा आणि त्यात मीठ घालू नका. सैल भात पडला की अग्नी दबतो, खोलीत धूर कोंडतो; मग लोक तूप ओततात, ज्वाळा एकदम उंच जाते आणि पडदा किंवा फॉल्स सीलिंग पेटण्याचा धोका येतो. अग्नी दबला तर आहुती थांबवा, गोवरीचे तुकडे कडेने लावा, वारा घाला, पेटल्यावर पुढे जा.

टाइल्सवर थेट स्थंडिल केलं तर टाइल तडकते. खाली विटांचा एक थर, त्यावर दोन-अडीच इंच कोरडी वाळू, मग स्थंडिल.

राहू आणि केतू यांबद्दल थोडं वेगळं लिहितो, कारण त्यांच्या खुणा सर्वात उशिरा स्थिरावल्या. हे दोन ग्रह दिसत नाहीत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो ते दोन बिंदू, नेहमी एकमेकांसमोर, उलट्या दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी करणारे. ग्रहणं या बिंदूंजवळच होतात, म्हणून गिळणारं डोकं ही राहूची खूण. केतू मात्र आधी एक नव्हता. मत्स्यपुराण मूर्तिवर्णनात ‘केतवः’ असं अनेकवचन वापरतं: धुराच्या रंगाचे, विकृत तोंडांचे, गिधाडावर बसलेले सगळे केतू. हे मूळचे धूमकेतू. जुन्या शिल्पपट्टांत अनेकदा आठच ग्रह दिसतात, केतू नंतर जोडला गेला. कोणार्कच्या प्रचंड नवग्रहशिलेत मात्र नऊही जण एका ओळीत बसलेले आहेत, राहू अर्ध्या धडाचा. मंडलात केतूसमोर राहू नाही, हेही लक्षात घ्या: राहू नैर्ऋत्येला, केतू वायव्येला, मध्ये शनी. पत्रिकेत ते नेहमी समोरासमोर असतात, म्हणून काही जण केतूला ईशान्येला नेऊन बसवतात आणि बुधाला हलवतात. हीसुद्धा दोन मांडण्यांची सरमिसळच. शनीचंही असंच: पुराणात त्याचं वाहन गिधाड, आपल्याकडच्या तसबिरींत कावळा. तसबीर काढून टाकायची गरज नाही, ध्यानश्लोक म्हणताना गिधाड म्हणावं एवढंच.

धातूंबद्दल एक वाक्य पुरे: याज्ञवल्क्याने तांबं, स्फटिक, रक्तचंदन, बुध-गुरू दोघांना सोनं, मग रुपं, लोखंड, शिसं, कासं अशा मूर्ती सांगितल्या आहेत आणि लगेच कापडावर रंगांनी किंवा गंधाने काढलेलं मंडलही चालेल म्हटलं आहे, तेव्हा महागड्या संचाचा आग्रह कुणी धरला तर नाकारायला हरकत नाही. त्याच स्मृतीत राहूच्या नैवेद्याला मांस आहे. आपल्याकडे त्या जागी उडीद-भात देतात. गाय, बैल, घोडा, बोकड ही सांगितलेली दानं निष्क्रय म्हणून यथाशक्ती पैशांत दिली जातात. आणि ग्रहयज्ञ का करायचा, तर श्री, शांती, पाऊस, आयुष्य आणि पुष्टी यांसाठी, असं तिथे म्हटलं आहे. कुणी साडेसातीची दहशत घालून याच शांतीचा खर्च पाचपट सांगत असेल तर दुसऱ्या याज्ञिकाकडे जा.

शेवटी उत्तरांग, म्हणजे विधीचा समारोप. बळी दिल्यावर आणि पूर्णाहुती झाल्यावर ईशान्येच्या कलशातल्या पाण्याने यजमान कुटुंबावर अभिषेक होतो, तोवर चौरंग हलवू नये. विसर्जनानंतर ग्रहांची धान्यं एकत्र मिसळू नका, वेगवेगळीच उचला. खालचे तांदूळ गुरुजींचे. समिधांची राख थंड व्हायला रात्र लागते. वरून गार दिसली तरी आत निखारे असतात, ती त्याच दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका. दुसऱ्या दिवशी चाळून झाडांच्या मुळाशी घाला.